नको असलेल्या वस्तू धर्मादाय दुकानात देतानाचे अनुभव

सायंतारा:
काल जुन्या वस्तूंच्या एका धर्मादाय दुकानात माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाईंनी कपड्यांची पिशवी काउंटरवर ठेवली, त्या दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. पिशवीतून एक राखाडी स्वेटर बाहेर काढून त्यांनी तो काखेत धरला आणि काही न बोलता निघून गेल्या. काउंटरवरच्या मुलीनेही काही विचारले नाही. आई गेल्यावर मी तिचे कपाट रिकामे केले तो दिवस मला तिथेच आठवला. कपडे, चपला, शिवणयंत्र असे सगळे मी एकाच दुपारी देऊन टाकले होते, कारण त्या वस्तू डोळ्यांसमोर असताना मला झोप येत नव्हती. शिवणयंत्राच्या सुईखाली तिने अर्धवट शिवलेला उशीचा अभ्रा तसाच राहिला होता. दुकानातल्या वयस्कर स्वयंसेविकेने तो हलकेच सोडवला, त्याची घडी करून माझ्या हातात दिली आणि मगच यंत्र चालते का, असे विचारले. तो अभ्रा आजही माझ्याजवळ आहे. आपण अशा दुकानांत काय दिले आणि देताना काय वाटले, हे कृपया लिहावे.

मागची_खोली:
मी अशा दुकानात सहा वर्षे छाननीचे काम करते आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आलेली प्रत्येक पिशवी आम्ही हाताने उघडतो. बहुतेक लोक मनापासून देतात, पण रात्री दुकान बंद असताना दारात ठेवलेली गाठोडी सकाळपर्यंत पावसाने भिजलेली असतात, आणि एका ओल्या, बुरशी धरलेल्या चादरीमुळे पिशवीतले बाकीचे चांगले कपडेही वाया जातात. तो कचरा उचलून नेण्याचे पैसे संस्थेलाच भरावे लागतात, म्हणजे ज्या कामासाठी देणगी दिली त्याच कामातून ते वजा होतात. जे कपडे आमच्याकडे विकले जात नाहीत ते वजनावर चिंध्यांच्या व्यापाऱ्यांकडे जातात, आणि त्यांतले पुष्कळसे गठ्ठे बांधून परदेशी रवाना होतात. घानाची राजधानी आक्रा येथील कांतामांतो बाजार अशाच कपड्यांवर उभा आहे. तिथे या कपड्यांना जे नाव पडले आहे त्याचा अर्थ 'मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे' असा होतो, कारण जिवंत माणूस इतके चांगले कपडे टाकून देईल, हे तिथल्या लोकांना पूर्वी पटत नसे. आता मात्र विकता न येण्याजोगा मालही त्या गठ्ठ्यांतून येतो, आणि त्याची विल्हेवाट लावण्याचा भार त्याच शहरावर पडतो. म्हणून मी सर्वांना एकच विनंती करते की, जी वस्तू आपण ओळखीच्या माणसाच्या हातात संकोच न वाटता देऊ शकू, तीच आमच्याकडे आणावी.

निळी_पेन्सिल:
आमच्या ओळखीचे एक आजोबा अशा दुकानासाठी घरी बसून चित्रकोडी जुळवतात. हजार तुकड्यांचे कोडे पूर्ण जुळले की ते खोक्यावर 'तपासले, सर्व तुकडे आहेत' अशी चिठ्ठी लावतात, आणि एक तुकडा कमी असेल तर तो चित्रात नेमका कुठला, तेही लिहितात.

वाटसरू_७१:
माझा अनुभव थोडा कडवट आहे. मुलाचा लाकडी पाळणा, म्हणजे एक बाजू खाली सरकणारी खाट, मी स्वतः घासूनपुसून नेली होती आणि दुकानाने ती घेतली नाही. मला फार अपमान वाटला आणि मी तिथे आवाज चढवून बोललो. नंतर वाचनात आले की, सरकती बाजू निखळून तिच्या फटीत बाळे अडकून दगावल्यामुळे अमेरिकेत अशा खाटांची विक्री २०११ पासून बंद आहे, आणि ती बंदी जुन्या वस्तूंनाही लागू आहे. त्या कर्मचाऱ्याची क्षमा मागायला गेलो तेव्हा तो काम सोडून गेला होता.

मागची_खोली:
वाटसरू, तुमच्यासारखे रागावलेले पालक आम्हाला नेहमी भेटतात आणि त्यांचे दुःख आम्हाला कळते. लहान मुलांची गाडीतली आसने आणि हेल्मेट यांचेही तसेच आहे. एकदा आघात झाला असेल तर तो बाहेरून दिसत नाही, म्हणून बरीच दुकाने ती घेत नाहीत.

ओंजळ:
मी काउंटरच्या दुसऱ्या बाजूने लिहिते आहे. वडिलांचे काम सुटल्यावर आम्हा भावंडांचे सगळे कपडे तीन वर्षे अशाच दुकानातून आले. एका हिवाळ्यात मला मिळालेल्या कोटाचे तुटलेले बटण देणाऱ्या व्यक्तीने आधीच नवे लावले होते, आणि जादा बटण आतल्या खिशात कागदात गुंडाळून ठेवले होते. कुणीतरी मी थंडीत उभी असेन असा विचार केला होता, असे मला तेव्हा वाटले आणि आजही तसेच वाटते. आता मी काहीही देण्याआधी बटणे, चेन आणि नाड्या तपासते, आणि बुटांची जोडी नाडीने एकमेकांना बांधून देते.

निळी_पेन्सिल:
ओंजळ, तुमचे लिहिणे वाचून मी बाजूला काढलेली पिशवी पुन्हा उघडली आहे.

जुनी_वही:
खिशांचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी दिलेल्या जाकिटात पत्नीचे एक पत्र राहिले होते, आणि दुकानाने पाकिटावरच्या पत्त्यावरून ते न वाचता परत पाठवले. मला या दुकानांच्या आरंभाचीही गोष्ट फार आवडते. १९०२ साली बॉस्टनमध्ये एडगर हेल्म्स या धर्मोपदेशकांनी सुखवस्तू घरांतून जुने सामान गोळा केले, आणि ते दुरुस्त करण्याचे काम गरजू लोकांनाच मजुरीवर दिले. त्यातून गुडविल ही संस्था उभी राहिली. ऑक्सफॅम ही संस्था १९४२ साली ऑक्सफर्डमध्ये ग्रीसमधल्या दुष्काळग्रस्तांसाठी स्थापन झाली आणि तिचे पहिले दुकान त्याच दशकात निघाले. हेल्म्स यांच्या मूळ कल्पनेत सामान देण्याइतकेच त्याच्या दुरुस्तीलाही महत्त्व होते, आणि आज दुरुस्तीचे हात कमी झाले आहेत, याचे मला वाईट वाटते.

सायंतारा:
सर्वांचे मनापासून आभार. ओंजळ, तुमच्या कोटाची हकीकत मी घरी सर्वांना वाचून दाखवली. आता एक शंका विचारते. आईचा चष्मा अजून माझ्याकडे आहे. दुसऱ्या कुणाला तिचा नंबर लागेल असे वाटत नाही, आणि टाकवतही नाही. तो दुकानात घेतात का?

मागची_खोली:
आमच्या दुकानात चष्मे विकत नाहीत, पण त्यांच्यासाठी पेटी ठेवलेली आहे. लायन्स क्लब वापरलेले चष्मे गोळा करतात. तिथे ते स्वच्छ करून यंत्रावर त्यांचा नंबर मोजतात, नंबराप्रमाणे लावून ठेवतात आणि ज्याला तो जुळेल त्याला देतात. काचेवर ओरखडे नसतील तर जरूर द्यावा. मऊ कापडात गुंडाळून डबीसकट दिला तर उत्तम.

सायंतारा:
ओरखडे नाहीत. डबीत तिने काच पुसण्यासाठी ठेवलेले पिवळे फडके आहे, त्यातच गुंडाळून शनिवारी नेते.