मदत हवी आहे: 'इन युटेरो' आला तेव्हा चाहते काय म्हणत होते?

नमस्कार मंडळी,

निर्वाना या अमेरिकन रॉक बँडच्या 'इन युटेरो' अल्बमवर लेख लिहायला घेतलाय आणि एका ठिकाणी अडलोय. आधीचा अल्बम 'नेव्हरमाइंड' तुफान खपल्यावर बँडने रेकॉर्डिंग इंजिनिअर स्टीव्ह अल्बिनीला गाठलं आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये मिनेसोटात हा खरखरीत, चिडलेला अल्बम रेकॉर्ड केला. रेकॉर्ड कंपनीला तो पचेना. शेवटी 'हार्ट-शेप्ड बॉक्स' आणि 'ऑल अपॉलॉजीज' ही गाणी निर्माता स्कॉट लिटकडून पुन्हा मिक्स करून घेतली. तरी सप्टेंबरमध्ये आल्या आल्या अल्बम बिलबोर्डच्या अमेरिकन खपाच्या यादीत पहिला! वॉलमार्ट-केमार्ट या अमेरिकन दुकान-साखळ्यांनी मात्र तो दुकानात ठेवायलाच नकार दिला.

समीक्षकांनी बहुतेक कौतुकच केलं, ते मिळतं वाचायला. मला हवी आहे चाहत्यांची बाजू, तीही बँडचा गायक कर्ट कोबेन जाण्याआधीची. एप्रिल १९९४ नंतर लोक प्रत्येक ओळीत त्याचा मृत्यूच शोधू लागले. मला हे अजिबात पटत नाही. 'सर्व्ह द सर्व्हंट्स' या पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला ड्रमस्टिकचे ठोके पडतात आणि लगेच तो बेसूर कॉर्ड अंगावर येतो. त्यात मला धुमसता, जिवंत माणूस ऐकू येतो.

तेव्हा कोणी हा अल्बम घेतला होता का? मुंबई-पुण्यात कॅसेट मिळायची, की बाहेरून मागवावी लागायची? 'नेव्हरमाइंड'वाल्या मित्रांना तो आवडला का? १९९३ मध्ये अलाहाबादहून सुरू झालेल्या 'रॉक स्ट्रीट जर्नल' या रॉक संगीताच्या मासिकाचे जुने अंक कुणी जपले असतील तर परीक्षणांच्या पानांचे फोटो प्लीज पाठवा.