१०४ किलोच्या मुलाला ट्रेनर विमानात बसता येतं का? वजनाबद्दल सल्ला हवा

खानापूरची_ताई
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ यंदा बारावी झाला, फिजिक्स-मॅथ्स घेऊन. पायलट व्हायचं हे आठवीपासून डोक्यात आहे. उंची सहा फूट एक इंच, वजन १०४ किलो. तालमीतलं पोर आहे, पोट सुटलेलं नाही, अंगानंच दणकट. घरातून सगळ्यांचा होकार आहे, बाबा पैशाची जुळवाजुळव करतायत. पण गावातल्या एकानं सांगितलं, "एवढ्या वजनाला घेत नाहीत, सीटला लिमिट असतं." ऐकल्यापासून भावानं रात्रीचं जेवण सोडलंय. नक्की लिमिट किती? बेळगावात शिकावं की बारामतीकडं बघावं? ठेवी मोडायच्या आधी कळलेलं बरं.

सर्किट_लँडिंग
ताई, मी सांबऱ्यातच, बेळगावच्या विमानतळावर शिकतोय. आमच्यात शंभरच्या आसपासचे आहेत की, उडतायत सगळे. त्यांच्या सॉर्टीला, म्हणजे सरावाच्या उड्डाणाला, टाकी फुल्ल भरत नाहीत एवढंच. आधी त्याला जेवायला सांगा.

मुतगेकर
ताई, आयुष्य विमानांच्या देखभालीत गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"सीटचं लिमिट किती" हा प्रश्न शाळेला विचारू नका. विचारायचं ते असं: "तुमच्या कुठल्या विमानात, किती पेट्रोल आणि कुठला इन्स्ट्रक्टर धरून हा मुलगा बसतो?" सेस्ना १५२ किंवा १७२ या शिकवायच्या छोट्या विमानांच्या मॅन्युअलमध्ये पुढच्या सीटला वेगळा आकडा दिलेला नसतो. मर्यादा असते ती सगळ्या विमानाच्या वजनाला, आणि ते वजन कुठं पडतं त्याला. सीटचा स्पष्ट आकडा बघायचा तर रॉबिन्सन आर-२२ हेलिकॉप्टर बघा. तिथं दर सीटला २४० पौंड, म्हणजे १०९ किलो, आणि त्यात सीटखाली ठेवलेलं सामानही धरायचं. ग्लायडरमध्ये तर कमीत कमी वजनाचीही पाटी असते, हलक्या माणसाला वजन जोडून बसवतात.

आता हिशेब. १५२ चं कमाल वजन ७५७ किलो. रिकामं वजन प्रत्येक विमानाचं वेगळं. रेडिओ, रंग, दुरुस्त्या यांनी बदलत जातं. समजा ५२० आहे. उरले २३७. तुमचा भाऊ कपडे-बुटांसकट १०७ धरा, इन्स्ट्रक्टर ८५, हेडसेट-पिशव्या ५. झाले १९७. उरले ४० किलो पेट्रोलला. एव्हीगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, लिटरला साधारण ०.७२ किलो, म्हणजे ५५ लिटर. हे इंजिन तासाला २३-२४ लिटर पितं. राखीव सोडून दीड तासाची सॉर्टी आरामात होते. पण फुल्ल टाकीत ९३ लिटर वापरता येतात, तेवढं भरून हे दोघं बसू शकत नाहीत. इन्स्ट्रक्टरही शंभराचा निघाला तर पेट्रोलला २५ किलोच उरतात. राखीव वगळता जेमतेम तासभर, त्यात शिकणार काय? म्हणून अशा मुलाला हलका इन्स्ट्रक्टर द्या असं शाळेला स्पष्ट सांगायचं. यात लाजण्यासारखं काही नाही.

१७२ मोठं, पण चार सीट म्हणजे चार माणसं नव्हेत. १७२-आर चं कमाल वजन ११११. रिकामं ७६५ धरलं तर ३४६ उरतात. फुल्ल टाकी १४४ किलोची. पुढची दोघं मिळून १९० झाली की हातात १२ किलो राहिले. मागं बसून दुसऱ्याची सॉर्टी बघायची पद्धत बऱ्याच शाळांत आहे. ती चांगलीच, पण मग पेट्रोल आधी मोजून कमी करावं लागतं.

शहापूरवाला
पाच-दहा किलोनं काय फरक पडतोय हो? कंपनी मार्जिन ठेवून आकडा देत असणार.

मुतगेकर
पडतो. आणि हे मी कळकळीनं सांगतोय. मार्जिन असतं ते वाऱ्याच्या धक्क्यांसाठी, खडबडीत लँडिंगसाठी, जुन्या झालेल्या इंजिनासाठी. ते आपण पोत्यासारखं भरायला घेतलं तर त्या दिवशी वापरायला उरत नाही.

वजनापेक्षा सीजी, म्हणजे सगळ्या वजनाचा मध्यबिंदू, चुकणं अधिक वाईट. एम-एटीच्या मागच्या कॅरियरवर भाताचं पोतं टाकलं की हँडल हलकं होतं ना, तसं मागं भार गेला की विमानाचं नाक हलकं पडतं. स्टॉल झाला, म्हणजे पंखांची उचल तुटली, तर नाक खाली यायला हवं, ते येत नाही. स्पिन लागला, म्हणजे विमान गरगरत खाली येऊ लागलं, तर सुटणं अवघड होतं. १५२ मध्ये सीटचा भार इंजिनामागच्या फायरवॉलपासून ३९ इंचावर धरतात आणि मागच्या सामानाचा ६४ वर. म्हणजे वजन गुणिले अंतर या हिशेबात मागं टाकलेली २० किलोची बॅग सीटवरच्या बत्तीस-तेहतीस किलोएवढी भारी पडते. १७२ मध्ये स्पिनचा सराव मागची सीट आणि सामानाची जागा पूर्ण रिकामी ठेवूनच करायचा असतो, तो याचसाठी.

आणि आपलं बेळगाव. सांबऱ्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून २,४८७ फुटांवर. सकाळी २२ अंशाला इंजिन आणि पंखांना हवा ३,९०० फुटांवरच्यासारखी वाटते. एप्रिलच्या दुपारी ३६ अंशाला तीच ५,६०० फुटांवरची. टर्बो नसलेलं इंजिन हजार फुटाला तीनेक टक्के ताकद गमावतं. इथला रनवे लांब आहे, त्यामुळं उचलायला अडचण येत नाही. अडचण येते ती नंतर, विमान वर चढता चढत नाही तेव्हा. जड स्टुडंटनं पहिल्या पाळीची सॉर्टी मागून घ्यावी.

सर्किट_लँडिंग
आमचे सर पण हेच सांगतात. उन्हाळ्यात सकाळी सातची सॉर्टी मिळावी म्हणून सगळे भांडतात.

खानापूरची_ताई
काका, खूप धीर आला. भावाला सगळं वाचून दाखवलं, तो वही घेऊनच बसला. अजून दोन शंका. सीट मोडायची भीती नाही ना? आणि मेडिकलला वजन अडवेल का?

मुतगेकर
सीट रोजच्या उड्डाणात मोडत नाही. जुन्या नियमात सीटची ताकद १७० पौंडांचा, म्हणजे ७७ किलोचा माणूस धरून ठरवली जायची, पुढच्या दिशेला नऊ पट जोर गृहीत धरून. तेव्हा जड माणसाला अपघाताच्या क्षणी संरक्षण तेवढं कमी, हे खरं. नवीन धाटणीच्या सीटची चाचणी याहून कडक असते. निवडायला मिळालं तर नवं विमान निवडा.

याहून महत्त्वाची एक गोष्ट त्याला आत्ताच शिकवा. उंच मुलगा सीट बरीच मागं घेणार. सेस्नाची सीट रुळावर सरकते आणि खालची पिन रुळाच्या भोकात बसते. रूळ झिजला किंवा पिन अर्धवट बसली तर टेकऑफला सीट सर्रकन मागं जाते. माणूस आधाराला योक, म्हणजे समोरचं स्टिअरिंग, धरतो आणि नाक आभाळाकडं जातं. यात माणसं गेली आहेत. १९८७ साली अमेरिकेच्या एफएएनं, म्हणजे तिथल्या विमान-नियामक खात्यानं, या रुळांच्या तपासणीची सक्ती केली ती यामुळंच. सीट लावली की दोन्ही हातांनी पुढं-मागं हिसका देऊन बघायचं, पिन बसल्याचा "टक्" आवाज ऐकायचा, मगच पट्टा.

मेडिकलचं म्हणाल तर आधी क्लास टू, मग क्लास वन, अशी दोन प्रमाणपत्रं. वजन-उंचीचं प्रमाण बघतात. ताकदीचं अंग आणि चरबी यातला फरक डॉक्टरला समजावता येतो, पण साखर, बीपी नीट असायला हवं. क्लास वन हातात येईपर्यंत फीचा मोठा हप्ता भरू नका. आणि उपास बंद. पायलटला रिकाम्या पोटी चक्कर येणं परवडत नाही. दोन-चार किलो उतरवायचे असतील तर ते तालमीतच उतरवू दे, सहा महिने घेऊन.

निपाणीकर_दादा
बारामतीबद्दल: तो भाग पर्जन्यछायेतला. बेळगावात जून ते सप्टेंबर ढग खाली उतरतात, उड्डाणं थांबतात. पण घराजवळ राहणं हाही खर्चाचा भाग. लायसन्ससाठी उड्डाणाचे २०० तास भरायचे असतात, तेव्हा पावसाळ्यात किती तास होतात ते दोन्हीकडं जुन्या स्टुडंटना विचारा, ऑफिसला नको.

खानापूरची_ताई
सोमवारी सांबऱ्याला जातोय. काय काय बघू?

मुतगेकर
प्रत्येक विमानाचं वेट शेड्यूल, म्हणजे रिकाम्या वजनाचा कागद, मागा, त्यावरची तारीख बघा. कालच्या एखाद्या सॉर्टीची लोड शीट, म्हणजे वजनाच्या हिशेबाचा कागद, दाखवा म्हणा. प्रत्येक माणसाच्या ओळीत ७५-७५ किलो लिहिलेलं दिसलं तर ते अंदाजानं भरतात असं समजा. आणि ब्रीफिंग रूममध्ये वजनकाटा आहे का बघा. असला तर भावाला तिथंच बूट-बॅगेसकट उभं करा आणि तो आकडा फॉर्मवर लिहा.