गावात कसली आलीय गुप्तता?

वर एकांनी म्हटलंय की कोकणातल्या गावात सगळेच सगळ्यांना ओळखतात, तिथे पेशंटची गुप्तता वगैरे पुस्तकी आहे. मला हे अजिबात पटत नाही. मी सिंधुदुर्गात एकोणीस वर्षं स्टाफ नर्स आहे आणि माझ्या मते उलट इथेच ती जास्त लागते, कारण मुंबईत पेशंट घरी गेला की गर्दीत मिसळून जातो, इथे त्याला रोज त्याच वाडीतून चालायचं असतं.

मागे बाजारात बांगडे घेत होते तर मासेवाली पाटीवरचं फडकं बाजूला करता करता हळूच म्हणाली, "बाय, त्या झिलाक नेमक्या काय झाला गो?" ती वाईट नाही हो, तिला काळजीच होती, पण मी फक्त वाटा केवढ्याला विचारलं. तो झील, म्हणजे मुलगा, आमचा पेशंट. त्याची एचआयव्हीची ट्रीटमेंट चालू होती, एवढं जरी बाहेर गेलं असतं तरी त्याला खलाशी म्हणून कोणी होडीवर घेतलं नसतं.

आणि हे नुसतं चांगुलपणाचं नाही, २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात स्पष्ट आहे, पेशंटच्या संमतीशिवाय सांगायचं नाही. पण कायदा केसपेपर झाकत नाही ना, तो आपणच झाकायचा. आमच्याकडे पूर्वी केसपेपर टेबलावर उघडे पडलेले असायचे, ड्रेसिंगला आलेला कोणीही वाचायचा, आता मी ते पालथे घालून वर बीपीचं मशीन ठेवते. नवीन मुलींना पहिल्या दिवशी हेच दाखवते, इंजेक्शन कसं द्यायचं ते नंतर.