गोधड्या आणि पैठण्या प्रदर्शनात टांगायच्या कशा?

धावदोरा: ऑगस्टमध्ये नाशकात आमच्या गटाचं प्रदर्शन आहे. गोधड्या आणि येवल्याच्या दोन पैठण्या आहेत. भिंतीत खिळे ठोकता येणार नाहीत, वरून दोऱ्या सोडता येतील. चिमटे चालतील का?

काठपदर: चिमटे अजिबात नकोत. सगळं वजन चार जागी येतं आणि जुन्या लुगड्याचा थर नेमका तिथेच विरतो. मागे, वरच्या काठाखाली मांजरपाटाची (जाडसर कोऱ्या सुती कापडाची) १० सेंमी रुंद नळी शिवा, गोधडीपेक्षा दोन्ही टोकांना २ सेंमी आखूड. तिच्यातून दांडी घाला आणि दोऱ्या दांडीच्या टोकांना बांधा. मांजरपाट आधी धुऊन घ्या, त्यातली खळ जाऊ द्या. टाके हातानेच घाला, मागच्या थरांतून, पुढे दिसता कामा नयेत. नळीला थोडी ढील ठेवा, नाहीतर दांडीचा फुगवटा पुढे उमटतो.

मागावरचा: पैठणीला सुई लावू नका! जाड पुठ्ठ्याच्या नळीवर धुतलेली मलमल गुंडाळा, साडी तिच्यावर गुंडाळून फक्त पदर खाली सोडा. घडी घातली की जर घडीवर मोडते. हातमागाचा पदर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो, म्हणून भिंतीपासून दूर, लोकांना मागे फिरता येईल असा टांगा. ही कारागिरी लोकांनी बघायलाच हवी. डांबरगोळ्या जरीजवळ नकोत. उजेड मंद, ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास, ऊन मुळीच नको.

धावदोरा: रुंद गोधडीची दांडी मधे वाकते, त्याचं काय?

काठपदर: नळी दोन तुकड्यांत शिवा, मधोमध ५ सेंमी जागा मोकळी सोडा, तिथून दांडीला तिसरी दोरी बांधा.