अनुभव धागा: सायकल रस्त्याच्या नेमकी कुठल्या भागातून चालवता?

सायकल हातात घेतली की घरचे, शेजारचे, पंक्चरवाला, सगळे एकच सांगतात, "कडेनं जा." कडेनं म्हणजे कुठून, ते कुणी सांगत नाही. आपल्या कोल्हापुरात कडेला गटाराची जाळी असते, बारीक खडी असते, केळ्याची गाडी असते आणि दार उघडायच्या बेतात असलेली चारचाकी असते. माझं मत: जिथं सायकल आणि मोटार एका लेनमध्ये शेजारी मावत नाहीत, तिथं सायकलवाल्यानं सरळ त्या लेनच्या मधोमध जावं. मावत असतील तिथंही कडेपासून हातभर आत. तुमचा अनुभव ठिकाणासकट लिहा. हेल्मेटवरचं भांडण इथं नको.

उद्यमनगरवाला
दाराचं सांगतो. राजारामपुरी मेन रोडला दोन्ही बाजूला गाड्या लावलेल्या. त्या रांगेला खेटून कधीच जात नाही, मीटरभर सोडतो. दार पूर्ण उघडलं तर साधारण तेवढंच बाहेर येतं. शिवाय मागच्या काचेतून आत डोकं दिसतंय का बघायचं. ब्रेकलाइट आत्ताच विझला असेल तर माणूस उतरणार म्हणून समजायचं. दोन गाड्यांमध्ये मोकळी जागा दिसली म्हणून आत घुसायचं आणि पुन्हा बाहेर यायचं, हा नागमोडी प्रकार सगळ्यात वाईट, कारण बाहेर येताना मागच्याला तुम्ही अचानक उगवता. मागनं हॉर्न वाजतो. वाजू दे की. हॉर्न मारतोय म्हणजे मी त्याला दिसलोय.

वडणगेकर
आमचे अण्णा वडणग्याहून सायकलवर दूध घेऊन गंगावेशीत यायचे. कॅरिअरच्या दोन्ही अंगाला कॅन, त्यामुळं सायकल आडवी केवढी तरी व्हायची. कडेनं जायचं म्हटलं तरी जमायचं नाही, कॅन कठड्याला घासला असता. म्हणून शिवाजी पुलावर ते मधनंच यायचे आणि मागचा ट्रक गुमान मागं थांबायचा. आता माझ्या सायकलला कॅन नाहीत, तर दुचाकीवाले कोपर घासून जातात. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "कॅन अडकव की मग." दुधाचे कॅन नाहीत, पण कॅरिअरला एक रुंद पिशवी आडवी बांधतोय आता. फरक पडतो, खरंच.

क्लीनरसाइड
मी ट्रक चालवतो, सायकल पोरगा चालवतो, म्हणून दुसऱ्या बाजूनं लिहितो. क्लीनर साइडला, म्हणजे डावीकडं, केबिनच्या खाली चिकटून सायकल असली तर मला ती दिसत नाही. आरशातही नाही. आणि डावीकडं वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत येत नाहीत, आतून कापत येतात. पुढचं चाक तुमच्यापासून लांब गेलं म्हणजे सुटलात, असं नाही. सिग्नलला ट्रकच्या डाव्या बाजूनं पुढं सरकू नका. एक तर मागं थांबा, नाहीतर एवढं पुढं जा की मला काचेतून तुमची पाठ दिसेल. पोरग्याला हेच सांगून ठेवलंय.

रंकाळा_पहाटे
पहाटे रंकाळ्यावर या, कुठंही चालवा :) चालायला येणाऱ्या काकांना तेवढं सांभाळा. ते चौघं एका ओळीत असतात.

सायबर_चौक
मी विद्यापीठात जाते. चौकात सरळ जायचं असताना कडेला राहिलं की डावीकडं वळणारी गाडी हमखास पुढून आडवी येते. वडापवाल्याला, म्हणजे शेअर गाडीवाल्याला, तर चौक संपायचीही गरज नसते, पॅसेंजरनं हात केला की झालं. म्हणून चौक यायच्या बऱ्याच आधी मागं वळून बघते, हात दाखवते आणि लेनच्या मध्यावर येते. चौक ओलांडला की परत डावीकडं. मागं वळून बघण्याचा एक फायदा कळला: ड्रायव्हरशी नजरानजर झाली की तो बहुतेकदा दमानं घेतो. मैदानावर सराव करा आधी, मान वळली की हँडलही वळतं.

लेस्टरचा_पाहुणा
इकडं ब्रिटनमध्ये जानेवारी २०२२ मध्ये हायवे कोड, म्हणजे रस्त्यावरच्या नियमांचं पुस्तक, बदललं, त्यात हेच आहे. शांत रस्त्यावर, हळू चालणाऱ्या गर्दीत आणि चौक जवळ आला की लेनच्या मधोमध. वेगवान वाहतूक असेल तर कडेपासून निदान अर्धा मीटर आत. उभ्या गाड्यांपासून मीटरभर. पण त्याच पुस्तकात मोटारवाल्यालाही सांगितलंय की ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात सायकलला ओलांडताना दीड मीटर सोडा, आणि लायसनच्या लेखी परीक्षेला तेच पुस्तक असतं. सायकलवाल्यानं एकट्यानं नियम शिकून अर्धंच काम होतं.

बावडा_रोड
शहरात ठीक आहे हो. फुलेवाडीच्या पुढं उसाच्या सीझनमध्ये या आणि मधोमध चालवून दाखवा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्हीकडून बाहेर आलेला, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर. दुसरी ट्रॉली डुलत येते, तिचा ड्रायव्हरलाच पत्ता नसतो. ट्रॅक्टरचा आवाज आला की मी सरळ साइडपट्टीवर उतरतो आणि पाय टेकतो. ह्यात कमीपणा कसला?

धागाकर्ता
@बावडा_रोड, कमीपणा अजिबात नाही. पण बालिंगा पुलावर साइडपट्टी कुठून आणणार? तिथं काय करता?

बावडा_रोड
पुलाच्या अलीकडंच थांबून मागं बघतो. ट्रॉली येत असली तर जाऊ देतो. मोकळं दिसलं की मधनं घेतो आणि पूल संपेपर्यंत कडेला येत नाही, कुणी कितीबी हॉर्न मारू दे. अर्धवट बाजू दिली की ते घुसतातच.