फेरफारातली चूक: बेपर्वाई की कामाचा मारा?

मंडळकर:
महसूल खात्यात नोकरी केली, म्हणून लिहितो. तलाठ्याच्या (आता ग्राम महसूल अधिकारी) हातून फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीत, नाव किंवा क्षेत्र चुकलं की लोक थेट 'पैसे खायचे होते' म्हणतात. वारसफेरफार लिहिताना मृत्यूचा दाखला, सगळे वारस, जुन्या नोंदी एकाच वेळी डोक्यात धराव्या लागतात. तेवढ्यात उताऱ्यासाठी कोणी दारात उभं, तहसीलमधून फोन 'गारपिटीची माहिती आत्ताच पाठवा', व्हॉट्सअ‍ॅपवर निवडणुकीचा तक्ता. पुन्हा कागदाकडे वळेपर्यंत एक बहीण सुटलेली असते. नियत खोटी नसते, डोकं भरलेलं असतं.

कोरडवाहू:
साफ असहमत. त्या सुटलेल्या बहिणीचं काय? आमच्या घरात हेच झालं. जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज, तहसीलला हेलपाटे, बुडालेली मजुरी वेगळीच. 29 फेब्रुवारी 2020 पासून तुम्हाला पाच दिवसांचा आठवडा आहे. शिवाय नोंद लगेच पक्की होत नाही: नोटीस, हरकतीला 15 दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याचं प्रमाणीकरण. दोन जणांच्या नजरेतून नाव निसटतं, याला मी बेपर्वाईच म्हणेन.

आकडेमोड:
कामाचा बुद्धीवर परिणाम होतो, याला आधार आहे. लंडनच्या सरकारी नोकरांवर 'व्हाइटहॉल 2' हा अभ्यास 1985 साली सुरू झाला. त्यातल्या 2,214 जणांचे निष्कर्ष 2009 मध्ये आले. आठवड्याला 55 तासांहून जास्त काम करणारे शब्दसंपत्तीच्या चाचणीत 40 तासवाल्यांच्या मागे होते, आणि पुढच्या काही वर्षांत त्यांची तर्कशक्तीही जास्त घसरली.

कोरडवाहू:
दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. आणि 55 तास कोण भरतंय? आमच्या सजाचं (तलाठ्याकडच्या गावांच्या गटाचं) कार्यालय दुपारी उघडं सापडलं तर नशीब.

मंडळकर:
बंद असतं कारण तो दुसऱ्या गावात पंचनाम्याला असतो. पण तासांवर मीही अडत नाही. त्याच अभ्यासातून 1997 मध्ये निघालं की कामावर स्वतःचा ताबा कमी असलेल्यांना हृदयविकाराचा धोका जास्त. 'हा फेरफार संपवून फोन घेतो' असं तलाठ्याला साहेबाला म्हणता येत नाही. आठवड्यातल्या दोन सकाळी फक्त फेरफार, असं तहसीलदारांनी लेखी काढावं.

कोरडवाहू:
काढा. दारावर लावा, त्या सकाळी मी येणार नाही. पण त्याच कागदावर लिहा की नोंद प्रमाणित होण्याआधी सगळ्या वारसांना नावं वाचून दाखवली जातील, आणि चूक कार्यालयाची असेल तर अर्ज, हेलपाटे आमच्या माथी येणार नाहीत. आहे का तयारी?