युरोपात देश बदलून नोकरी : अनुभव धागा

आंबोळी :
शेंगेनमुळे (युरोपातल्या बऱ्याच देशांचा आपसांतल्या सीमा खुल्या ठेवण्याचा करार) सीमेवर सहसा कुणी अडवत नाही, म्हणून पलीकडे नोकरीही करता येते असं धरून चालणारे फार आहेत. ईयूच्या (युरोपीय संघ) कुठल्याही देशात काम करण्याचा हक्क ईयूच्याच नागरिकांना आहे. भारतीय पासपोर्टवर त्या त्या देशाची परवानगी लागते. स्वतःची कहाणी नको. टप्पे काय, घोडं कुठे पेंड खातं, ते नेमकं लिहा.

दर्यावर्दी :
ब्लू कार्डबद्दल, म्हणजे ईयूबाहेरच्या उच्चशिक्षितांना मिळणारा नोकरी-निवासाचा परवाना. जर्मनीत ब्लू कार्डवर 12 महिने झाले की नोकरीसाठी नेदरलँड्सला वेगळ्या व्हिसाशिवाय जाता येतं. पोचल्यावर महिन्याच्या आत तिथल्या ब्लू कार्डचा अर्ज करायचा. पूर्ण अर्ज दिल्यावर काम सुरू करायला 30 दिवसांपेक्षा जास्त थांबवता येत नाही. घोळ होतो तो पगाराचा. किमान पगाराची अट प्रत्येक देशाची वेगळी आणि बदलती. राजीनामा देण्याआधी ऑफर लेटरवरचा आकडा त्या वर्षीच्या मर्यादेशी ताडून बघाच. आयर्लंड, डेन्मार्क या योजनेत नाहीत.

चांदणवेल :
गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेल्यांना परवाना लागत नाही. इंग्लंडचा रस्ता मात्र ब्रेक्झिटमुळे नव्याने जाणाऱ्यांसाठी 31 डिसेंबर 2020 ला बंद झाला. जोडीदाराचा पासपोर्ट भारतीय असेल आणि 3 महिन्यांहून जास्त राहायचं असेल, तर निवासपत्र काढावं लागतं. नियमाप्रमाणे ते अर्जापासून 6 महिन्यांत मिळायला हवं. अडतं ते नावापाशी. पोर्तुगीज नोंदीत एक स्पेलिंग, लग्नाच्या दाखल्यावर दुसरं. निघण्याआधी गोव्यातच दुरुस्त करून घ्या, मगच अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का). तिकडून हे निस्तरणं फार जड जातं.

आंबोळी :
राहायला एका देशात, ऑफिस दुसऱ्यात असेल तर?

खडीसाखर :
घर जर्मनीत आखेनला, ऑफिस नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला धरा. घरून 25 टक्के किंवा जास्त काम झालं की सामाजिक विमा जर्मनीचा लागतो आणि डच कंपनीला जर्मनीत वर्गणी भरावी लागते. सीमेपलीकडच्या कंपनीचं काम घरून करणाऱ्यांसाठी जुलै 2023 पासून जो करार आहे, त्यात हे दोन्ही देश आहेत, त्यामुळे 50 टक्क्यांच्या आत डच विमाच ठेवता येतो. पण आपोआप नाही. ए-वन प्रमाणपत्रासाठी (विमा कुठल्या देशाचा लागू, याचा दाखला) अर्ज हवा, आणि एचआर नेमकं तेच विसरतं. आयकराचा हिशोब वेगळा, ही टक्केवारी तिथे लावू नका.

दर्यावर्दी :
नोकरी गेली तर ईयू नागरिकांना बेकारभत्ता 3 महिने दुसऱ्या देशात नेता येतो. आधी 4 आठवडे रोजगार कार्यालयात नोंद, मग यू-टू फॉर्म (भत्ता बाहेर नेण्याची परवानगी), आणि नव्या देशात 7 दिवसांच्या आत नोंदणी. आठवा दिवस उजाडला की मधल्या दिवसांचा भत्ता बुडतो.